खण आणि किल्ली

२०२१ सालच्या दिवाळीनंतर माझ्या आईने बेळगावचे घर बंद केले आणि ती आमच्याकडे बंगळूरला राहावयास आली. आम्ही राहतो त्या वसाहतीचे नाव एचएसआर लेआउट. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. १९८० नंतरच्या दशकात बंगळूर विकास प्राधिकरणाने आगरा तलावाच्या बाजूस ही वसाहत आखली, आणि पुढे संगणकाच्या उद्योगाने ती माणसांनी भरून टाकली. येथील घरे नेटकी आहेत. परंतु जुन्या घरांना जी अंगभूत पोटे असतात, म्हणजे माळा, माजघरातील फडताळ, जिन्याखालची अडगळीची खोली, ती या घरांना नाहीत. आमच्या दाराचे माप घेतल्यावर कळून चुकले की आईचा सागवानी पेटारा काही आत यावयाचा नाही. तो बेळगावातच एका नातलगांकडे ठेवावा लागला, आणि त्यातील सामानासाठी मी पत्र्याचे, पाच खणांचे, कमरेइतक्या उंचीचे एक कपाट विकत आणले. किंमत माफक होती, रंग पांढरा होता, आणि माझ्या मते प्रश्न सुटला होता.

आईने ते कपाट नीट न्याहाळले. वरचा खण ओढून पाहिला, पुन्हा आत लोटला आणि विचारले, "यातला माझा खण कोणता रे? आणि त्याची किल्ली कुठाय?"

किल्ली नव्हती. त्या कपाटाला कुलूपच नव्हते. सरकारी नोकरीत माझी बरीच वर्षे कागदपत्रांच्या व्यवस्थेत गेली आहेत. कोणता कागद कोणत्या खणात राहावा आणि त्याची किल्ली कोणाच्या हाती असावी, यावर मी लांबलचक टिपणे लिहिली आहेत. तरीही घरात आणलेल्या कपाटाविषयी हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. आज मी जे सांगणार आहे ते त्या प्रश्नाच्या निमित्ताने झालेल्या वाचनाचे आणि विचाराचे फळ आहे.

आरंभ शब्दापासूनच करू. मराठीत 'खण' हा शब्द मोठा गृहस्थाश्रमी आहे. दोन तुळयांमधील किंवा दोन खांबांमधील जागा म्हणजे खण. घर किती खणांचे यावरून घरमालकाची ऐपत कळे. चोळीचे कापड म्हणजेही खण. सुवासिनीची ओटी त्यानेच भरतात. आणि पेटीतला, मेजाचा किंवा कपाटातला कप्पा म्हणजेही खण. घर, वस्त्र आणि साठवण या तिन्ही ठिकाणी हा शब्द एका बेतलेल्या, मापून वेगळ्या केलेल्या जागेचा किंवा तुकड्याचा बोध करून देतो. इंग्रजीत या वस्तूचे नाव ती ओढण्याच्या क्रियेवरून पडले. आपल्याकडे ते विभागणीवरून पडले. हा भेद लहान आहे, पण पुढे उपयोगी पडेल.

जुन्या मराठी घरात साठवण पुष्कळ होती, मात्र ओढावयाचा खण क्वचितच होता. धान्य कणगीत, बळदात किंवा जमिनीतल्या पेवात असे. दूधदुभते शिंकाळ्यावर टांगलेले असे. दिवा, पोथी, काडवातीचे सामान कोनाड्यात राही. भिंतीच्या जाडीतच बसविलेल्या फडताळात लोणच्याच्या बरण्या आणि डबे असत. कपडे वलणीवर किंवा खुंटीवर. ठेवणीतली लुगडी, शालजोडी व दागिने पेटाऱ्यात किंवा सांदुकेत. यांतील बहुतेक जागा घराच्या अंगातच कोरलेल्या होत्या. घर बदलले तर फडताळ बरोबर नेता येत नसे. आणि घरे सहसा बदलत नसत म्हणून ते नेण्याची पाळीही येत नसे.

स्वयंपाकघरातील उतरंड आठवून पाहावी. मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी ती रचना असते. जागा थोडी लागते आणि सामान पुष्कळ मावते. परंतु तळच्या मडक्यातले दाणे हवे असतील तर वरची सगळी मडकी उतरावी लागतात. पेटाऱ्याचीही हीच अडचण. झाकण वरून उघडणाऱ्या प्रत्येक पेटीत सर्वांत जुनी वस्तू तळाशी जाते, आणि तिच्यापर्यंत पोहोचावयाचे तर वरचा संसार बाहेर काढावा लागतो. म्हणून पेटारा वर्षातून एक-दोनदाच, उन्हे दाखविण्याच्या निमित्ताने किंवा लग्नकार्याला, उघडला जाई. ओढावयाच्या खणाने ही अडचण सोडविली. खणांचे कपाट ही एक उतरंडच आहे. फरक इतकाच की तिच्यातले तळचे मडके वरच्या मडक्यांना धक्का न लावता बाहेर काढता येते.

मग इतकी सोयीची वस्तू आपल्या घरांत लवकर का आली नाही? ती ठाऊक नव्हती असे नाही. आरशाच्या फणेरपेटीला लहानसा खण असे. सराफाच्या आणि वैद्याच्या पेटीतही कप्पे असत. अडचण सुताराच्या कामाची होती. साध्या पेटीला सहा फळ्या लागतात. पाच खणांच्या कपाटाला एक मोठी पेटी आणि तिच्या आत बिनचूक बसणाऱ्या पाच लहान पेट्या कराव्या लागतात, म्हणजे लाकूडही अधिक आणि मजुरीही अधिक. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगते. कोकणात आषाढात अडकून बसलेला मेजाचा खण ज्याने ओढला आहे त्याला हे निराळे सांगावयास नको. चांगले मुरलेले सागवान आणि कुशल कारागीर ज्याला परवडे त्यालाच चांगला खण मिळे. इतरांना पेटी पुरे होती.

कागदांचीही तीच गोष्ट होती. मराठेशाहीत दफ्तर ठेवावयाचे ते रुमालात बांधून. मोडी कागदांचे पुडके चौकोनी कापडात गुंडाळून गाठ मारीत, आणि त्या बासनालाच रुमाल म्हणत. १८१८ साली पेशवाई गेली आणि हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. पुण्यात १८९१ साली त्यासाठी खास इमारत बांधली गेली. तेथील रुमालांतून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, हे आपणांस ठाऊकच आहे. रुमालाची पद्धत स्वस्त होती, हवेशीर होती आणि घोड्यावर लादून नेण्यास सोयीची होती. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हा मराठी कारकुनीही अशीच बासनांत बांधून या पठारावर आली असली पाहिजे.

परंतु कागद घरी कोठे आणि कसा ठेवला आहे, यावर कुटुंबाचे दैव अवलंबून असते, हे महाराष्ट्राला आणि आमच्या बेळगाव-धारवाडच्या मुलखाला कळले ते इनाम कमिशनमुळे. १८५२ सालच्या अकराव्या कायद्याने या कमिशनला अधिकार मिळाले. ज्यांच्याकडे इनाम जमिनी होत्या त्यांनी आपली सनद दाखवावी, असा हुकूम झाला. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट चालत आलेली, पण सनद कोठे? कोणाची पुरात गेली, कोणाची वाळवीने खाल्ली, कोणाची भाऊबंदकीत दुसऱ्या घरी राहिली. दख्खनमध्ये त्या काळी सुमारे २० हजार इनामे खालसा झाली असे इतिहासकार सांगतात. सर्वच इनामे खरी होती असे नव्हे. पण कागद सापडला नाही एवढ्याच कारणाने ज्यांची जमीन गेली, त्यांच्या घरात पुढे कागदाची पेटी देवघरात, देवाच्या शेजारी ठेवली जाऊ लागली तर त्यात नवल नाही. माझ्या आजोळी ती तशीच असे.

आता किल्लीकडे वळतो. एकत्र कुटुंबात कोठीच्या आणि कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा ज्या स्त्रीच्या कमरेला असे, तिचे घरात राज्य आहे असे मानीत. पण हे राज्य कारभाराचे होते, मालकीचे नव्हते. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे स्त्रीची स्वतःची मिळकत म्हणजे स्त्रीधन: लग्नात आणि प्रसंगाने मिळालेले दागिने, वस्त्रे, भांडी. घर, जमीन आणि सागवानी कपाट पुरुषांच्या नावे. म्हणून माहेराहून आलेली पेटी आणि तिची किल्ली एवढीच पुष्कळ स्त्रियांची खाजगी जागा होती. घरातल्या दहा खोल्यांपैकी एकही खोली जिची नसे, तिची एक पेटी मात्र असे.

कायदा हळूहळू पुढे सरकला. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीच्या ताब्यातील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरविली. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी १९९४ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने स्थान दिले, आणि २००५ साली ते साऱ्या देशाला लागू झाले. कायद्याच्या पुस्तकात हा प्रवास सत्तर वर्षांच्या आत झाला. परंतु या सर्व काळात घरोघरच्या स्त्रिया आपला हक्क पेटीच्या किल्लीवरून मोजत होत्या, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी मोजतात. आईच्या प्रश्नामागे एवढे सगळे उभे होते.

लाकडी पेटीची जागा पत्र्याच्या पेटीने घेतली ती आगगाडीच्या आणि गिरण्यांच्या काळात. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि माणसे सामान घेऊन हिंडू लागली. सागवानी पेटारा आगगाडीत चढविता येत नाही; पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन चढता येते. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरणगावात आलेला कामगार एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन येई. एका खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपत. त्या खोलीत त्याची म्हणावी अशी जागा म्हणजे त्या ट्रंकेतली. गावची पत्रे, पगाराचे पैसे, सणाचे धोतर आणि एखादा देवाचा फोटो त्यात राही, आणि तिचे कुलूप लहान असले तरी असे नक्की. सामान्य माणसाला परवडेल अशी, वाळवी न लागणारी आणि कुलूप घालता येणारी जागा पत्र्याने त्याला प्रथम मिळवून दिली.

ट्रंकेपासून कपाटापर्यंतचा प्रवास मुंबईतच झाला. अर्देशीर गोदरेज हे वकिलीचे शिक्षण घेतलेले पारशी गृहस्थ. वकिली त्यांना मानवली नाही. शस्त्रक्रियेची हत्यारे बनविण्याचा त्यांचा पहिला उद्योग, मालावर स्वदेशाचे नाव घालण्याच्या आग्रहापायी सोडून द्यावा लागला. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी वाचून १८९७ साली त्यांनी लालबागेत कुलपांचा कारखाना काढला. १९०२ साली तिजोरी आली. १९२३ साली त्यांच्या कारखान्यात पोलादी कपाटे होऊ लागली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी कुलूप, मग तिजोरी आणि शेवटी कपाट. म्हणजे पोलादी कपाट आपल्याकडे तिजोरीचे धाकटे भावंड म्हणून जन्मले. जागेची सोय हा त्याचा दुसरा गुण होता, राखण हा पहिला. हेच अर्देशीर गोदरेज टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये देणारे दानशूर होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट होऊन शहराचा मोठा भाग जळाला, तेव्हा त्या आगीतही आमच्या तिजोऱ्यांतील वस्तू सुखरूप राहिल्या, असे कंपनी पुढे अभिमानाने सांगत असे.

आमच्या बेळगावचाही या कथेत वाटा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत होते. बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविले. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१० साली त्यांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे पुढे लोखंडी फर्निचरही होऊ लागले. लोखंडी नांगर शेतात चालविला तर जमिनीला विष चढेल अशी समजूत असलेल्या समाजाला लोखंडी खुर्चीवर बसविणे हे सोपे काम नव्हते. याच घराण्याचे कारखाने पुढे हरिहरला आणि बंगळूरलाही आले.

तरी पत्रा बराच काळ परदेशाहून येत होता. टाटांच्या साकची येथील कारखान्यात १९१२ साली पोलादाचा पहिला रस ओतला गेला. १९२४ साली या धंद्याला जकातीचे संरक्षण मिळाले. इकडे म्हैसूर संस्थानात भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ साली चालू झाला. त्यामागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची दृष्टी होती, आणि विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झालेले होते. महायुद्धात पोलादावर नियंत्रणे आली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी, म्हणजे १९५१-५२ साली, सुमारे वीस लक्ष पोलादी मतपेट्या लागल्या आणि त्यांत ८,२०० टन पोलाद खर्ची पडले. त्यांतील बारा लाखांहून अधिक पेट्या गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात झाल्या. नागरिकाच्या मताला, मग तो राजवाड्यातला असो की झोपडीतला, कुलपाची पेटी देण्याचे काम पत्र्याने केले. स्त्रियांनाही पहिल्याच निवडणुकीपासून पुरुषांबरोबर मताचा हक्क होता. ज्यांच्या घरात स्वतःची पेटी नव्हती अशाही अनेक स्त्रियांचे मत त्या पोलादी पेटीत सुरक्षित राहिले.

सपाट पत्रा मुबलक झाला तो रुरकेला आणि त्यानंतर बोकारो येथील सरकारी कारखान्यांमुळे. रुरकेल्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. येथून मध्यमवर्गीय मराठी घरात पोलादी कपाट शिरले. लग्नात मुलीला 'गोदरेजचे कपाट' देणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. इतकी की कपाट कोणत्याही कारखान्याचे असले तरी त्याला गोदरेजच म्हणत. पेटारा गेला, पण त्याचे काम राहिले. त्या कपाटाच्या आत, आरशामागे, एक लहानसा कुलपाचा कप्पा असे, आणि त्याची किल्ली आईच्या उशाखाली.

या धंद्यावर सरकारी धोरणाचाही हात फिरला. काही वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याचे धोरण १९६७ पासून अमलात आले. ती यादी वाढत वाढत शेकडो वस्तूंची झाली आणि पुढे आटत गेली. २०१५ च्या एप्रिलमध्ये उरलेल्या शेवटच्या वीस वस्तू मुक्त झाल्या. त्या वीस नावांत लोणची होती, आगपेट्या होत्या, काचेच्या बांगड्या होत्या. आणि त्यांच्याच शेजारी पोलादी कपाटे, पोलादी खुर्च्या-मेजे आणि कुलपे होती. म्हणजे आपल्या गल्लीत पत्रा वाकविणारा जो लहान कारखानदार होता, त्याच्या मागे बराच काळ ही राखीव यादी उभी होती. बेळगावच्या उद्यमबागेत आणि बंगळूरच्या पीण्यात असे कारखाने मी पाहिले आहेत. १९९२ साली पोलादाच्या किमतीवरील नियंत्रण उठले, पत्रा बाजारात सहज मिळू लागला, आणि कपाटाची किंमत उतरली.

आता खण कचेरीतून घरी कसा आला ते पाहू. कागद उभे ठेवावयाची खणांची कपाटे अमेरिकेत १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात लोकांसमोर आली. पुढे ती पत्र्याची झाली, आणि चार खणांचे करडे कपाट जगातील साऱ्या कचेऱ्यांची खूण बनले. आमच्या सरकारी कचेऱ्यांत रुमालांशेजारी ते येऊन बसले, आणि अजून बसलेले आहे. कचेरीतील कपाट जाड पत्र्याचे, जड आणि कुलपाचे असे. घरासाठी जे आले ते हलके, रंगीत, चाकांवर फिरणारे; पुष्कळदा सुटे भाग चपट्या खोक्यात घालून विकलेले आणि गिऱ्हाइकाने घरी जोडावयाचे. स्वीडनच्या आयकिया या दुकानाने १९५६ साली मेजाचे पाय सुटे करून विकण्यास आरंभ केला. त्याच दुकानाची शाखा २०२२ साली बंगळूरच्या नागसंद्र्याला उघडली. घरोघर बदल्या होणाऱ्या आणि भाड्याने राहणाऱ्या आमच्या वसाहतीला अशी कपाटे मानवली. फडताळ भिंतीत राहते. हे कपाट टेंपोत बसून मालकाबरोबर जाते.

व्यवहाराचे चार शब्दही सांगितले पाहिजेत. पत्र्याची जाडी गेजात मोजतात, आणि गेजाचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. वीस गेजाचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर, चोवीस गेजाचा साधारण ०.६. सपाट पत्रा हाताने वाकतो. तोच कडेला दुमडला की ताठ उभा राहतो. म्हणून विकत घेताना खण पूर्ण बाहेर ओढून त्याच्या कडा दुमडलेल्या आहेत की नुसत्या कापलेल्या, ते बोट सांभाळून पाहावे. स्वस्त कपाटात खण पत्र्याच्या पन्हळीवर घासत सरकतो, चांगल्यात लहान गोळ्यांवर. रंग भुकटीचा भट्टीत भाजलेला असेल तर टिकतो. परंतु तो जेथे खरवडला जाईल तेथून गंज धरतो. बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवा पत्र्याला मानवते. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत तेच कपाट लवकर थकते. जड सामान खालच्या खणांत ठेवावे, आणि दोन-तीन खण एकदम उघडू नयेत, कारण हलके कपाट पुढे कलंडते. खणांची पायरी करून वर चढणाऱ्या मुलांच्या अंगावर कपाटे पडून इतके अपघात झाले की अमेरिकेने २०२२ साली त्यासाठी वेगळा कायदा केला. लहान मूल असेल त्या घरी कपाट भिंतीला स्क्रूने जखडणे हा स्वस्त उपाय आहे. स्वयंपाकघरात, शिवणाच्या सामानाला, औषधांना, मुलांच्या वह्यांना, हत्यारांना, अशा सर्वांना हे खण उपयोगी पडतात. आमच्या घरी एका खणात नुसत्या विजेच्या तारा आहेत.

जड सामान खाली, हा नियम मी स्वतः पाळला, आणि त्याचेच फळ मला मिळाले. २०२२ च्या सप्टेंबरात बंगळूरच्या पूर्व आणि दक्षिण भागांत मुसळधार पाऊस झाला. बेळंदूर, सर्जापूर रस्ता, बाह्य वळण रस्ता पाण्याखाली गेला. रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि होड्या फिरल्या. तलावांना जोडणारे जुने कालवे जेथे बुजले होते तेथे पाण्याने आपला मार्ग घरांतून काढला. आमचे घर तळमजल्यावर. पहाटे पाणी आत आले आणि वीतभर चढले. कपाटाच्या तळच्या खणात मी माझे कागद ठेवले होते: शाळेचे दाखले, एम. ए.ची पदवी, नोकरीच्या आज्ञा, वडिलांनी मला लिहिलेली पत्रे. वजनदार आणि क्वचित लागणारे, म्हणून खाली. पत्र्याच्या खणात पाणी शिरावयास वेळ लागला नाही, आणि निघावयास मात्र वाट नव्हती. पदवीची दुसरी प्रत मिळते. पत्रांची मिळत नाही. शाईची पत्रे होती. त्यांचे निळे पाणी झाले.

आईचा खण वरून दुसरा होता. ती आल्यावर आठ दिवसांच्या आत मी कुलपे-किल्ल्या करणाऱ्या एका कारागिराला घरी बोलाविले होते. त्याने पत्र्याला गोल भोक पाडून तेथे कुलूप बसविले. कामाचे पैसे कपाटाच्या किमतीच्या मानाने बरेच झाले, आणि मी तसे बोलूनही दाखविले होते. त्यावर आई म्हणाली होती, "कपाट तुझंच आहे. खण तेवढा माझा."

पाणी ओसरल्यावर आम्ही सर्व खण बाहेर काढून उन्हात मांडले. तिचा खण तिने स्वतः उघडला. आतले कोरडे होते. वर्षे झाली तरी त्यात काय आहे ते मी विचारलेले नाही. इतिहासाच्या अभ्यासकालाही काही दफ्तरे बंद राहू द्यावी लागतात. एवढे मात्र तिने त्या दिवशी आपण होऊन केले. आतून एक जुने पाकीट काढले आणि माझ्या हाती दिले. वडिलांनी तिला लिहिलेल्या पत्रांपैकी दोन होती. "ही तू ठेव," ती म्हणाली, "पण खाली ठेवू नको."

तळचा खण गंजला होता. तो मी टाकून दिला. कपाट अजून आहे, तळाशी एक जागा रिकामी ठेवून उभे आहे. ती दोन पत्रे सर्वांत वरच्या खणात आहेत, आणि त्या खणालाही आता किल्ली आहे.